देवळाच्या छपराची चौकशी

नोकरीतली बाकीची प्रकरणं आठवायची तर मला कुणाला तरी विचारावं लागतं. साल चुकतं, गाव चुकतं, कधी फिर्यादी आणि आरोपी यांची अदलाबदल होते. ही एकच घटना अशी आहे, की झोपेतून उठवलं तरी मी ती पहिल्यापासून सांगेन. आजवर सांगितली मात्र नाही. सरकारी दप्तरात ती दोन वेगळ्या प्रकरणांत लिहिलेली आहे आणि दोन्हीकडे अक्षर माझं आहे. दोन्हीकडे ती अपुरी आहे. ती पुरी करण्यासाठी हे लिहितो. नाव कुणाचंही घेणार नाही, पक्षाचंही नाही. त्या काळात अशी माणसं एकाच पक्षात होती असं नाही, तेव्हा वाचकांनी अंदाज बांधू नयेत.

संस्थानं विलीन झाल्यानंतरचा काळ. मी कृष्णाकाठच्या एका ठाण्यावर फौजदार होतो. तिथून कुंडल सायकलने जाण्याजोगं आणि सांगली मोटारीने. माझं मूळ गाव वर खंडाळ्याकडचं, त्यामुळे इकडची माणसं मला जमादाराकडूनच शिकावी लागली. आमचा जमादार पेन्शनीला आला होता. सकाळची हजेरी झाली, रायफली पुसून झाल्या, की तो ठाण्यापुढच्या लिंबाखाली तंबाखू मळत बसे आणि बाजाराला जाणाऱ्या प्रत्येकाशी दोन शब्द बोले. निम्मा तपास तो तिथेच बसून करत असे.

जळिताचं साल नुकतंच मागे पडलं होतं. दिल्लीतल्या त्या खुनाची बातमी आली आणि आमच्याकडे गावोगाव ब्राह्मणांची घरं पेटली. ज्यांचा त्या खुनाशी काडीचा संबंध नव्हता अशांची. आमच्या हद्दीत हे काम बहुतेक एका दलाने केलं होतं. त्याचा पुढारी लढाईच्या काळात फौजेच्या सामान पोचवणाऱ्या तुकडीत साधा नाईक होता, पण पोरं त्याला कप्तान म्हणत. पहाटे कवायत, संध्याकाळी लाठी, आणि गावात कुणी राहायचं, कुणी नाही हे आम्ही ठरवणार, एवढाच त्यांचा विचार. बेचाळीसच्या चळवळीत रानोमाळ राहिलेली खरी माणसं तोवर आपापल्या शेतीला लागली होती. यांचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता, पण त्यांचं नाव सांगून हे भाकरी मागत. पुढे वॉरंटं निघाली आणि सगळे परागंदा झाले.

त्या दिवसांत साताऱ्याचे एक वकील शांतता समितीबरोबर गावोगाव फिरले. खादीचा कोट, मोजकं बोलणं, स्वातंत्र्यासाठी तुरुंग भोगलेला माणूस. जिल्ह्यात त्यांच्या पक्षाला मान होता तो बराचसा त्यांच्यामुळे. त्यांच्या बहिणीचं सासरचं घर आमच्याच हद्दीत जळालं होतं. त्या राखेत उभं राहून त्यांनी भाषण केलं. ज्यांनी हे केलं त्यांच्या सावलीलाही मी उभा राहणार नाही, असं ते म्हणाले, आणि पुढे त्यांना बोलवेना. बंदोबस्ताला मी होतो. तो प्रसंग माझ्या मनात इतका बसला, की पुढे जी चूक झाली तिचं मूळ तिथेच आहे.

नंतर जिल्हा बोर्डाची निवडणूक आली.

एके दिवशी जमादार लिंबाखालून उठून आत आला. म्हणाला, "साहेब, दलाची पोरं परतल्यात."

मी विचारलं, कुणी पाहिली?

"बगायला कशाला पायजे? कप्तानाच्या दारात न्हावी बसलाय. फरारी मानूस अंगनात उन्हाला बसून हजामत करून घेत न्हाई. ह्यास्नी कुनीतरी वरनं सांगितलंय, बिनघोर या म्हून."

वॉरंटं माझ्या कपाटात होती. मी शिपाई घेऊन गेलो तोवर अंगणात नुसते केस पडलेले होते. पण जमादाराचं म्हणणं मला पटलं. पळालेला माणूस धीट होऊन परत येतो तो कुणाच्या तरी शब्दावर. तो शब्द कुणाचा, हे मला कळत नव्हतं.

कप्तानाच्याच गावात एक सुभेदार होता. लढाई संपल्यावर पेन्शन घेऊन आलेला, वागायला सरळ आणि बोलायला फटकळ. जळिताच्या दिवशी तो आपली परवान्याची बंदूक घेऊन कुळकर्ण्यांच्या दारात उभा राहिला होता, आणि ते एक घर वाचलं होतं. पेटवायला आलेल्यांची तोंडंही त्याने ओळखली होती आणि तसा जबाब दिला होता. आता तो बोर्डाला अपक्ष उभा राहिला. वकीलसाहेबांच्या पक्षाला ती जागा हवी होती, आणि सुभेदार पडेल असं चिन्ह नव्हतं.

एका सकाळी तो आपल्या विहिरीवर मारलेला सापडला. मी गेलो तेव्हा मोट अर्धी वर आलेली होती. बैल धावेवर जुंपलेले तसेच उभे, कुणी हाकेना म्हणून. मोटेचं पाणी ज्यात पडतं त्या थारोळ्याजवळ सुभेदार पालथा पडला होता आणि घाव मागून घातलेले होते, कुऱ्हाडीचे. पंच गोळा केले. आजूबाजूच्या रानात माणसं होती, पण त्या सकाळी कुणी काही पाहिलं नव्हतं, कुणी काही ऐकलं नव्हतं. एक जण म्हणाला की मी खाली मान घालून भांगलत होतो. जमादार त्याला म्हणाला, "एवढी भांगलन केलीस, तरी रान कसं गवतानं भरलंय रं?" कुणी हसलं नाही.

सुभेदाराच्या बायकोने मात्र जबाब दिला. चार दिवसांमागं कप्तान स्वतः घरी आला होता, चहा पिऊन गेला होता. अर्ज मागं घ्या म्हणाला. "लय ग्वाड बोलला," ती म्हणाली. "तवाच मी वळखलं, ह्ये बरं न्हाई." सुभेदार त्याला म्हणाला होता, मी इटलीत जर्मनाला भ्यालो नाही.

गुन्हा दाखल झाला आणि कप्तान पुन्हा नाहीसा झाला. त्याच्या जवळचा एक पैलवान होता, बावीस-तेवीस वर्षांचा, सावलीसारखा त्याच्या मागे असे. तो कुठे असेल यावर मी डोकं चालवत होतो, तेव्हा जमादार म्हणाला, सांगलीला चला. त्याचं कारण असं, की इंग्रजी अंमलात आमच्या हद्दीतला माणूस गुन्हा करून सांगलीच्या संस्थानी हद्दीत शिरला, की आमचे हात बांधले जात. कागद जायचे, कागद यायचे, तोवर तो तिथे मजेत राहायचा. या भागातल्या गुन्हेगारांच्या दोन पिढ्या त्याच सवयीवर वाढलेल्या. संस्थान गेलं, पण सवय राहिली होती.

झालंही तसंच. हळदीच्या पेठेत एका हॉटेलात, रस्त्याकडे तोंड करून, तो भजी खात बसला होता. आम्हाला पाहून उठलाही नाही.

"हितं तुमचं काय चालत न्हाई, जमादार," तो म्हणाला. "हद्द दुसरी हाय."

जमादार त्याच्या बाकावरच बसला आणि त्याच्या ताटलीतलं एक भजं उचललं. "संस्थान गेलं रं, गड्या. आता सांगलीबी आमचीच. चल, खाऊन घे नि ऊठ."

त्या पोराच्या तोंडावर जे आश्चर्य मी पाहिलं ते खोटं नव्हतं.

ठाण्यावर आणून अंगझडती घेतली. चंची, अडकित्ता, थोडी मोड. शिपायाने पटका सोडला तेव्हा आतल्या घडीतून चिंधीची पुरचुंडी निघाली. तिच्यात वाळलेलं बेलाचं पान होतं, भंडाऱ्याने पिवळं झालेलं. तोवर तो पैलवान मख्ख उभा होता. शिपायाने पान चिमटीत धरलं तसा तो पुढे झाला आणि म्हणाला, "त्येला हात लावू नगा."

मी त्याची चौकशी सुरू केली. पहिले काही दिवस तो काही बोलला नाही. कुऱ्हाड कुठे, त्या सकाळी तू कुठे, कप्तान कुठे; प्रत्येक प्रश्नाला तो भिंतीकडे बघे. आमच्या खात्यात बोलतं करण्याचे जे उपाय तेव्हा चालत ते मी इथे वापरले नाहीत. चांगुलपणा म्हणून नाही. जमादाराने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की मारून उपयोग नाही, ह्याने बेल उचललाय.

खंडोबा आमच्याही घरचं दैवत. बेल-भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द म्हणजे काय, हे मला लहानपणापासून माहीत होतं. काम तडीस जाईपर्यंत तो बेल जपून ठेवतात. तेव्हा मी प्रश्न बदलला. शब्द काय दिलास ते विचारणं सोडलं. एवढंच म्हणालो, की तू पोरगा आहेस, फाशी तुला होईल. ज्याच्यासाठी बेल उचललास त्याने तुझ्यासाठी काय उचललंय?

त्याला ते लागलं. पोटातल्या रागाने तो म्हणाला, "आमीच एकट्यांनी न्हाई उचलला. मोठ्यांनीबी उचललाय. आमच्या म्होरं."

एवढंच बोलला आणि चूक लक्षात येऊन गप्प झाला. पण मला धागा मिळाला होता. दलाची पोरं कप्तानाला कप्तान म्हणत, दादा म्हणत. मोठे कधी म्हणत नसत. म्हणजे दुसऱ्या बाजूलाही कुणीतरी होतं, आणि त्यानेही शपथ घेतली होती. ही दोन बाजूंची शपथ कुठे झाली असेल, हे शोधायला वेळ लागला नाही. त्या टापूत खंडोबाचं जुनं ठाणं एकच, गावाबाहेरच्या डोंगरावर. आणि बेल-भंडारा द्यायला गुरव लागतोच. माणसं कागद टाळू शकतात, साक्षीदार टाळू शकतात. त्यांना गुरव टाळता आला नव्हता.

मी साध्या कपड्यात, देवदर्शनाच्या निमित्ताने, दुपारचा वर गेलो. देऊळ लहान, दगडी, पुढच्या मंडपावर कौलारू छप्पर. निम्मी कौलं फुटलेली, उन्हाचे कवडसे फरशीवर पडलेले. गुरव साठीचा असेल. गुडघे धरलेले, भिंतीचा आधार घेत चालायचा. मी कोण हे त्याने लगेच ओळखलं. म्हणाला, "साहेब, धोतार नेसलं तरी पाय बुटातच चालल्यागत पडत्यात तुमचं." त्याची बायको उंबऱ्यात बसून वाती वळत होती.

मी सरळ विचारलं. त्याने समईची वात सारली. ती म्हणाली, "आवं, कशाला पडताय ह्यात?" तो तिला म्हणाला, सुभेदार लढाईवरनं आला तेव्हा घरी जायच्या आधी हितं आला होता, बूट खाली काढून. मग माझ्याकडे वळला.

"शपथ त्यांनी घेतली," तो म्हणाला. "माझ्याकडनं कुनी काय घेतलं न्हाई. मी निस्तं ताट धरलं."

त्याने सांगितलं ते असं. वकीलसाहेब आणि कप्तान दोघं देवळात आले. पोरं मंडपात उभी होती. बोलणं आधीच कुठेतरी झालेलं होतं, इथे फक्त पक्कं करायचं होतं. नदीपलीकडच्या गावांची मतं कप्तान देणार. दलाची दोन माणसं पक्षाच्या नावावर उभी राहणार. निवडणुकीपर्यंत वॉरंटं निजून राहतील आणि नंतर जळिताचे खटले काढून घ्यायचं वकीलसाहेब पाहणार. वकीलसाहेब म्हणाले, माझा शब्द पुरे आहे, याची काय गरज? कप्तान म्हणाला, तुमचा शब्द कोर्टात रोज फिरतो, हितं फिरत न्हाई. पोरं हसली. वकीलसाहेबही हसले आणि त्यांनी बेल उचलला.

"मग कप्तान म्हनला," गुरव सांगत होता, "आनि सुभेदाराचं आमी बगतो. त्येची काळजी तुमी करू नगा."

मी विचारलं, त्यावर वकीलसाहेब काय म्हणाले?

गुरवाने वर पाहिलं. "त्यांनी असं वर बगितलं. आनि मला इचारलं, गुरव, या छपराला किती वर्सं झाली? मी म्हनलं, माझ्या आज्याच्या वक्ताचं हाय. ते म्हनले, पडायला झालंय. बस. सुभेदाराचं पुन्हा कुनी काडलं न्हाई."

हे त्याने साताऱ्याला मॅजिस्ट्रेटपुढे सांगायचं कबूल केलं. अट एकच, की कप्तान आत जाईपर्यंत त्याचं नाव कुठे येऊ नये. आम्ही दोघंच डोंगरावर राहतो, तो म्हणाला. उंबऱ्यातून त्याच्या बायकोने मला विचारलं, "ह्यांचं नाव भाईर गेलं तर, साहेब?"

मी म्हणालो, "माझ्या तोंडून जाणार नाही."

खाली उतरताना माझ्या हाती काय आलं होतं याचा मला पुरता अंदाज होता. गुरवाचा जबाब, त्यावर पैलवान फुटला असता, तर माफीचा साक्षीदार. कटाचा खटला उभा राहत होता. नियमाप्रमाणे मी त्याच दिवशी माझ्या वरच्या साहेबांना गोपनीय कळवून गुरवाला साताऱ्याला हलवायला हवं होतं. मी तसं केलं नाही. मी आधी वकीलसाहेबांना भेटायचं ठरवलं.

का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मला खरोखरच वाटत होतं, की हा माणूस फसला आहे. राखेत उभा राहून गहिवरलेला माणूस खुनाला होकार देणार नाही. मतांसाठी त्याने वाईट संगत धरली, पण संगत कुठवर गेली हे कळलं तर तो झटकून मोकळा होईल, स्वतः साक्ष देईल, आणि मग कप्तानाच्या मागे कुणी उरणार नाही. हे एक. दुसरं असं, की त्यांचा पक्ष निवडून येणार हे दिसत होतं आणि मला त्यांच्याविरुद्ध उभं राहायचं नव्हतं. त्या वेळी मी दुसरं कारण पहिल्याच्या खाली झाकून ठेवलं होतं.

साताऱ्याला त्यांच्या घरी गेलो. बाहेर पक्षकार बसलेले. मला त्यांनी आत बोलावलं, चहा मागवला. मी म्हणालो, की साहेब, आपल्याला सावध करायला आलोय. मग शपथेचं सांगितलं. ते चकित झाले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले.

ते म्हणाले, "फौजदार, तुम्ही सरकारी माणूस, तुम्हाला राजकारणाचं काय सांगू? ही पोरं रानात राहिली तर घरं जाळतील. बोर्डात आणून बसवली तर ठराव मांडतील. त्यांना माणसांत आणायचं, तर कुणीतरी हात पुढे करायला हवा."

"तो हात धरून त्यांनी सुभेदार मारला, साहेब."

"त्याच्याशी माझा संबंध नाही."

"तेच मी म्हणतोय," मी म्हणालो. "कप्तानाने सुभेदाराचा विषय काढला तेव्हा आपण होकार दिला नाहीत. आपण विषय बदललात. देवळाच्या छपराची चौकशी केलीत. म्हणजे आपल्याला ते पटलं नव्हतं. एवढं जरी आपण कोर्टात सांगितलंत..."

मी हे त्यांच्या बचावासाठी बोललो होतो. गुरवाचं नाव मी घेतलं नाही, याचं मला बोलतानाही समाधान होतं.

वकीलसाहेबांनी चष्मा लावला. माझ्याकडे नीट पाहिलं.

"छपराचं मी विसरूनच गेलो होतो," ते म्हणाले.

मग विचार करून कळवतो म्हणाले. दारापर्यंत पोचवायला आले, मुलं कितवीत आहेत ते विचारलं. मोटारीत बसून परत येताना मी खुशीत होतो. छपराचा प्रश्न त्या दिवशी ज्यांनी ऐकला त्यांत कप्तान आणि त्याची पोरं सोडली तर गुरव एकटाच होता, हे माझ्या लक्षात आलं नाही. पुढचे काही दिवस मी वकीलसाहेबांच्या निरोपाची वाट पाहण्यात घालवले.

निरोप पोलीस पाटलाकडून आला. गुरव देवळाच्या छपरावर कौलं चाळायला चढला, पाय घसरून पडला आणि मेला.

कौलं चाळतात पावसाच्या तोंडावर. तेव्हा मार्गशीर्ष होता, शेतात शाळू उभा होता. ज्या माणसाला सपाटीवर भिंत धरून चालावं लागत होतं तो छपरावर चढला होता. मी मंडपाभोवती फिरलो. शिडी कुठे नव्हती. ती आत गाभाऱ्याच्या बाजूला, भिंतीकडेला आडवी ठेवलेली होती, आणि तिच्यावर धूळ होती. पंचनाम्यात मी तसं लिहिलं. पंचांना वाचून दाखवलं तेव्हा ते एकमेकांकडे बघायला लागले. शिडीचं काढा, मग अंगठा देतो, असं एक जण म्हणाला आणि बाकीचे त्याच्या मागे उभे राहिले. पोलीस पाटील म्हणाला, चढला असेल कसातरी. गुरवाची बायको प्रेताजवळ बसली होती. तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मी ते वाक्य गाळून पंचनामा पुन्हा लिहिला. अकस्मात मृत्यूची नोंद केली. शिडी आत होती, हे आज इथे लिहितो.

पैलवानाच्या जामिनाला वकीलसाहेबांचे ज्युनियर उभे राहिले. सुभेदाराच्या खुनात अ समरी मागण्याचा कागद मीच पाठवला. अ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही. मंजूर होऊन आला. त्यानंतर लिंबाखालची कुठलीही खबर जमादाराने मला आपण होऊन सांगितली नाही. विचारलं तर सांगायचा.

पक्ष निवडून आला. दलाची दोन्ही माणसं बोर्डात बसली. कप्तान पांढरी टोपी घालून जीपमधून फिरू लागला, आणि जळिताचे खटले एकेक करून पुराव्याअभावी गळले. वकीलसाहेब एका बाबतीत चुकले नव्हते. त्यानंतर आमच्या हद्दीत घर जळालं नाही. जाळायची गरज उरली नव्हती. कप्तान एखाद्याच्या दारात चहाला गेला, तरी काम होत असे.

पुढच्या वर्षी चंपाषष्ठीला डोंगरावर कार्यक्रम झाला. पक्षाच्या वतीने मंडपाला नवं छप्पर घातलं होतं, लाल मंगलोरी कौलांचं. बंदोबस्त माझ्याकडे होता. व्यासपीठावर वकीलसाहेब आणि त्यांच्या शेजारी कप्तान. वकीलसाहेब चांगलं बोलले. देवाच्या सेवेत देह ठेवलेल्या गुरवाची आठवण म्हणून हे छप्पर, असं ते म्हणाले, आणि थोडे थांबले. राखेत उभे असताना थांबले होते तसेच. जमादार माझ्या मागे होता. तो हळूच म्हणाला, "चौकशी वाया गेली न्हाई, साहेब."

आरतीनंतर गुरवाची बायको बेल-भंडाऱ्याचं ताट घेऊन फिरू लागली. पूजा आता तिचा पुतण्या करत होता, पण ताट तिच्या हातात होतं. लोक भंडारा लावून घेत होते. माझ्यापुढे ती आली आणि थांबली. आवाज चढवला नाही. शेजारच्यालाही ऐकू गेलं नसेल.

"उचला बेल, साहेब," ती म्हणाली. "आनि म्हना, माझ्या तोंडनं गेलं न्हाई."

मी हात पुढे केला होता. नाव मी घेतलं नव्हतं. ते मी शपथेवर म्हणू शकलो असतो, आणि ते खोटं ठरलं नसतं. वकीलसाहेबही म्हणू शकले असते, की मी होकार दिला नव्हता, आणि तेही खोटं नसतं. माझा हात बेलापाशी जाऊन तिथेच राहिला. मग मी तो मागे घेतला. ती ताट घेऊन पुढे गेली. वकीलसाहेबांनी टोपी सारून कपाळ पुढे केलं आणि तिने त्यांना भंडारा लावला.

पुढे नोकरीत मी बरेच पक्ष पाहिले, बऱ्याच युत्या पाहिल्या. सभ्य माणसांनी आडदांड माणसांशी हात कसे मिळवले हे जवळून पाहिलं. विचार जुळले म्हणून ते कधी झालं नाही. एकाकडे वॉरंटं होती, दुसऱ्याला मतं हवी होती, आणि मधे एक गोष्ट अशी असे की जिचं नाव दोघांनीही घ्यायचं नाही. तपास करणाऱ्याने हो कोण म्हणालं एवढंच शोधू नये. ते वाक्य बोललं गेलं तेव्हा वर कोणी पाहिलं, ते विचारावं. मी ते विचारलं होतं. उत्तरही मिळालं होतं. ते घेऊन मी चुकीच्या दारात गेलो.

खंडोबाच्या देवळात मी अजूनही जातो. भंडारा लावून घेतो. बेल उचलत नाही.